इमाम नऊ हजारांचा, अपेक्षा अबू हनीफांची

सोलापुरात विजापूर वेशीतून आत वळलं की थोडं पुढे एक बंद दुकान आहे. भावाभावांचा दावा बारा वर्षं कोर्टात पडलाय, शटरला गंज चढलाय आणि समोरच्या तीन पायऱ्या आमच्या झाल्यात. त्या भावांचं भांडण मिटावं असं तोंडानं सगळेच म्हणतो. मिटलं तर आपण बसायचं कुठं, ही काळजी मात्र प्रत्येकाच्या मनात.

इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की एकेक जण येऊन टेकतो. शौकतचा टॉवेलचा कारखाना, बारा माग. नागेश विमा एजंट, घरात तेलुगू आणि बाहेर आमच्यापेक्षा झकास दखनी. सिद्धूचं औषधांचं दुकान. रिजवान वकील, वयानं सगळ्यांत लहान आणि आवाजानं सगळ्यांत मोठा. बशीरचाचा बंद पडलेल्या गिरणीतले जुने कामगार, कुठलीही गोष्ट 'मिल चालू होती तवा' पासून सुरू करणारे. आणि मी मराठीचा मास्तर. समोरच्या हॉटेलातून पाच चहा येतात, त्याचे सात होतात.

त्या रात्री शौकत उशिरा आला आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसला. तो खाली बसला की काहीतरी बिनसलेलं असतं.

"तीन मौलानांना विचारलं बे. तीन उत्तरं मिळाली."

प्रकरण त्याच्या भाचीचं. नवरा ड्रायव्हरकीला सौदीला गेला. दोन वर्षं पैसे आले, मग कमी झाले, मग बंद. पाच वर्षं झाली, फोन लागत नाही, सासू म्हणते आम्हालाही ठाऊक नाही. ना तलाक, ना नांदणं. पोरगी माहेरी विड्या वळते आणि एक मूल वाढवते. आता एक बरं स्थळ आलंय, माणूस बिजवर आहे पण भला आहे. म्हणून शौकत विचारायला गेला होता की ही आता मोकळी आहे की नाही.

पहिले म्हणाले, सबर करा, नवरा जिवंत असेपर्यंत निकाह कायम. दुसरे म्हणाले, खुला घ्या. आता खुला म्हणजे बायकोनं मागून घेतलेली सुटका, तिला मौलानांच्या हिशेबानं नवऱ्याची संमती लागते, आणि नवराच तर सापडत नाही. तिसरे म्हणाले, दारुल कझामध्ये, म्हणजे शरियतप्रमाणे निवाडा करणाऱ्या काझीकडं, अर्ज टाका, बघतील.

"आणि माझ्याकडं यायला काय झालं होतं?" रिजवान उसळला. "माझं ऑफिस काय चंद्रावर आहे? १९३९ चा कायदा आहे, मुस्लिम विवाह विच्छेदाचा. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टाकडनं निकाह मोडून मिळतो. दोन वर्षं खर्च दिला नसेल तर तेवढ्यावरही मिळतो. तिची तर दोन्ही कारणं पक्की आहेत. शंभरीकडं चाललाय तो कायदा, आणि तुम्ही लोक अजून गल्लोगल्ली फतवे गोळा करत फिरा!"

नागेशनं विचारलं, "मग त्या तिघांपैकी एकालाही हे ठाऊक नसावं?"

"ठाऊक असणार. सांगायचं नसणार. दुकान बंद होईल ना."

रिजवान चिडला की वर्षं पाडतो, जसा बागवान आंबे पाडतो. १९८५ ला शाहबानो निकाल लागला, एका म्हातारीला पोटगी मिळाली, तर सगळे मौलाना रस्त्यावर. १९८६ ला सरकारनं त्यांच्यापुढं नमतं घेऊन कायदा बदलला. २०१६ ला पर्सनल लॉ बोर्डानं सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की एका दमात तीन तलाक बंद केला तर नवरे बायकांना मारून टाकतील. "हे लिहून दिलं बरं का मास्तर, कागदावर. इजिप्तनं १९२९ लाच तीन तलाक एक धरायचा कायदा केला होता. तिथं काय उलेमा नव्हते? अल अझहर तिथंच आहे की. आणि आपल्याकडं काय झालं? आपण सुधारलो नाही म्हणून २०१७ ला कोर्टानं सुधारलं, २०१९ ला सरकारनं तीन वर्षांचा तुरुंग आणला. आता नवरा आत जातो, आणि पोटगी कोण देणार, तुरुंगाधिकारी?"

त्याचं चुकत नव्हतं. तरी मला राहवलं नाही. शाहबानो निकालानंतरच्या त्या १९८६ च्या कायद्याचाच अर्थ २००१ ला सुप्रीम कोर्टानं असा लावला, की घटस्फोटितेला तिच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्यानं इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या, मुदतीत करून दिली पाहिजे. २०२४ ला पुन्हा सांगितलं, की सर्वसाधारण पोटगीचा रस्ताही तिला खुला आहे. म्हणजे मौलानांनी दार बंद केलं असं वाटलं, आणि ते उघडंच निघालं. हे मी बोललो तर रिजवान म्हणाला, "उघडलं कुणी? कोर्टानं."

बशीरचाचा इतका वेळ दाढी कुरवाळत बसले होते.

"बेटा, तू जन्मलास तवा कानात अजान कोण दिली? तुझा अब्बा गेला तवा जनाज्याची नमाज कोण पढवला? कोर्ट आलं होतं का?"

यावर रिजवान गप्प बसला. वडिलांचं नाव निघालं की तो बसतो.

नागेशला एक शंका बऱ्याच दिवसांची होती. "मला एक सांगा, आमच्यात पुजारी कळतो. सिद्धूच्यात मठाचे स्वामी कळतात, २०१९ ला तर एक स्वामी आपले खासदारही झाले. तुमच्यात हाफिज, मौलवी, मुफ्ती, काझी, इमाम... नक्की कोण कुणाच्या वर?"

इथं आम्ही सगळेच एकदम बोललो. कुणीच कुणाच्या वर नाही. सुन्नी लोकांत ना पोप, ना शंकराचार्य. इराणच्या शियांमध्ये आयतुल्लांची उतरंड आहे, १९७९ पासून राज्यही त्यांचंच आहे. आपल्याकडं तसलं काही नाही. कुरआन तोंडपाठ केला तो हाफिज. सात-आठ वर्षं मदरशात घासून निघाला तो आलिम, त्यालाच मौलाना म्हणायचं. वर आणखी एक-दोन वर्षं फतवा देण्याचं शिक्षण घेतलं तो मुफ्ती. नमाजीला पुढे उभा राहतो तो इमाम, आणि तो कुणीही होऊ शकतो, चाचासुद्धा. फतवा म्हणजे हुकूम नव्हे, विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं मत. पटलं तर घ्या. सुप्रीम कोर्टानंही २०१४ ला हेच सांगितलं, की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

"मग टीव्हीवर जो ओरडतो तो कोण?" सिद्धूनं विचारलं.

"तो टोपी," मी म्हटलं.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मौलाना दिसले. जवळच्या मशिदीचे इमाम. चौतीस-पस्तिशीचे, अक्कलकोट तालुक्यातले, मराठी आमच्यासारखीच 'काय करुलालात' वाली. मदरशाचं शिक्षण पुरं करून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेले. इशानंतर या बाजूनं घरी जातात आणि चहाला नाही म्हणत नाहीत. रिजवान पायरीवर सरकला खरा, पण तोंड दुसरीकडं करून.

शौकतनं पुन्हा सगळी कथा सांगितली. मौलानांनी ग्लास खाली ठेवला.

"वकीलसाब सांगतात तो कायदा बरोबर आहे. पण तो आणला कुणी, हे ठाऊक आहे का?"

"इंग्रजांनी."

"इंग्रजांच्या असेंब्लीत पास झाला. पण त्याच्या मुळाशी एक मौलाना आहेत. अशरफ अली थानवी. तुम्ही ज्यांना जुनाट म्हणाल, त्यातले अगदी पक्के."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या मास्तरालाही अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. हनफी फिकहमध्ये, म्हणजे आपण पाळतो त्या इमाम अबू हनीफांच्या पंथाच्या धर्मशास्त्रात, बेपत्ता नवऱ्याच्या बायकोनं थांबायचं ते त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत. पुष्कळांनी धरलेला हिशेब म्हणजे नवरा नव्वदीचा होईपर्यंत. पंचवीस वर्षांच्या पोरीनं नव्वदीची वाट बघायची! गेल्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात गांजलेल्या बायकांनी यावर तोड काढली. धर्म सोडला की निकाह तुटतो असं हनफी किताबात होतंच, म्हणून त्या ख्रिस्ती होऊ लागल्या. मनानं नव्हे, सुटकेपुरत्या. तेव्हा थानवींच्या ध्यानात आलं की किताब जशीच्या तशी धरून बसलो तर बायकाही जातील आणि ईमानही जाईल. सुन्नींच्याच मालिकी पंथात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत आहे. थानवींनी थेट मदीनेच्या मालिकी मुफ्तींना पत्रं लिहून फतवे मागवले, बरोबरच्या उलेमांशी खल केला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला किताब छापली, की या बाबतीत हनफी माणसानंही मालिकी मत घ्यावं. त्या आधारावर १९३६ ला काझमी नावाच्या सभासदानं असेंब्लीत विधेयक मांडलं, आणि १९३९ ला कायदा झाला.

रिजवान आता पूर्ण वळला होता. "म्हणजे ते चार वर्षं..."

"मदीनेहून आलेले आहेत," मौलाना हसले. "तुम्ही रोज कोर्टात जे कलम वापरता, ते फिकह आहे, वकीलसाब."

रिजवाननं हार मानली असती तर तो रिजवान कसला. "बरं, इतकं चांगलं काम केलं, मग तुमचेच लोक कोर्टाचा निकाल मानायला का कचरतात? माझ्याकडं एक बाई डिक्री घेऊन आली, आणि निकाह लावणारा म्हणतो, हा कागद चालणार नाही."

यावर मौलाना जे प्रामाणिकपणे बोलले, त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला घेतलं. मूळ विधेयकात असा निकाल मुस्लिम न्यायाधीशानंच द्यावा असं कलम होतं. असेंब्लीनं ते गाळलं. तेव्हा ज्या उलेमांनी कायद्यासाठी धाव घेतली होती, तेच नाराज झाले. काझी मुसलमान असावा, ही त्यांच्या दृष्टीनं मूळ अट होती. तेव्हापासून ही फट राहिली: कोर्टाच्या लेखी बाई मोकळी, मोहल्ल्याच्या लेखी अडकलेली. "म्हणून मी लोकांना दोन्ही करा म्हणतो. कोर्टातून डिक्री घ्या आणि दारुल कझाकडूनही फस्ख, म्हणजे निकाह रद्द, करून घ्या. कागद दोन झाले तरी चालतील, पोरीला उद्या कुणी बोट दाखवायला नको."

"म्हणजे एका बाईनं दोन दारांत उभं राहायचं," सिद्धू म्हणाला.

"हो. हे वाईटच आहे," मौलाना म्हणाले. त्यांनी सारवासारव केली नाही.

शौकतचा मूळ प्रश्न तसाच होता. "पण मग त्या तिघांनी मला हे का नाही सांगितलं?"

मौलाना जरा थांबले. "दोघांचं मला ठाऊक नाही. पहिल्यांना मी ओळखतो. ते हाफिज आहेत. आवाज असा, की रमजानात तरावीहच्या नमाजीला लोक लांबून येतात. पण निकाह-तलाकचे मसले ते शिकलेलेच नाहीत. लोक विचारतात तर काय करणार? ठाऊक नाही म्हटलं की लोक म्हणतात, मग पगार कशाचा घेता?"

इमाम मालिकांची एक गोष्ट त्यांनी सांगितली. ज्यांच्या नावानं पंथ चालतो ते हेच मालिक. त्यांना कुणी दुरून येऊन अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले, तर बत्तीस प्रश्नांना त्यांचं उत्तर होतं, 'ला अदरी'. मला माहीत नाही. सांगणारे आकडा कमीजास्त करतात, पण गोष्ट जुनी आहे. "एवढा मोठा माणूस म्हणू शकला. आमच्या हाफिजसाहेबांना ती सोय नाही."

"किती पगार देता बे त्यांना?" नागेशनं विचारलं.

कुणी बोलेना. मग मौलानाच म्हणाले, "माझं सांगतो. नऊ हजार. आणि खोली."

सिद्धूच्या दुकानातला गोळ्या काढून देणारा पोरगा यापेक्षा जास्त घेतो. हे सिद्धूनंच सांगितलं, आणि सांगून स्वतःच ओशाळला.

मौलानांनी मागच्या वर्षी दुपारच्या वेळेत चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात बसायला सुरुवात केली होती. महिनाभरात मशिदीच्या ट्रस्टींनी बोलावून सांगितलं की इमामानं गल्ल्यावर बसणं शोभत नाही, लोक बोलतात. ते बंद झालं. हे सांगताना मौलाना शौकतकडं बघत नव्हते. आम्ही सगळे मात्र बघत होतो, कारण त्या ट्रस्टवर शौकत आहे.

"मी एकटा नव्हतो," शौकत पुटपुटला.

आता बोलायची पाळी माझी होती, आणि ते मी मास्तरी थाटात बोललो असेन. ज्यांच्या फिकहवर आपण सगळे चालतो ते इमाम अबू हनीफा कोण होते? कूफ्याचे कापड व्यापारी. ६९९ ते ७६७ हा त्यांचा काळ. त्यांचं दुकान होतं, भागीदार होता, उधारी-वसुली होती. एकदा भागीदाराला सांगून ठेवलं, या ठाणात खोट आहे, विकताना गिऱ्हाइकाला दाखव. भागीदार विसरला, माल गेला, गिऱ्हाईक कोण तेही सापडेना. इमामांनी त्या मालाचे सगळे पैसे दान केले, असं सांगतात.

"सेकंड माल फ्रेशमध्ये गेला," बशीरचाचा म्हणाले.

"शौकत, तुझ्याकडं किती जातो?" नागेश.

"ऐ, गप बे."

मी पुढे म्हटलं, खलिफा मन्सूरनं त्यांना काझी हो म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं. तुरुंगात घातलं, तिथंच गेले असं बहुतेक चरित्रकार सांगतात. हे 'नाही' कुठून आलं? ईमान तर होतंच, पण घरची चूल खलिफाच्या तिजोरीवर नव्हती हेही आहे. कापड विकून खाणारा माणूस होता तो. हे सोलापुरात तरी कुणाला समजावून सांगायला नको. आपण मात्र इमामाला नऊ हजार देतो, दुकानात बसू देत नाही, आणि वर अपेक्षा करतो की त्यानं अबू हनीफांसारखं निर्भीड बोलावं. बोलायला गेला तर पहिल्यांदा त्याची खोली जाते.

"मग सरकारनं पगार द्यावा," रिजवान म्हणाला. "१९९३ ला सुप्रीम कोर्टानं वक्फ बोर्डांना सांगितलंय की इमामांना पगार द्या."

"वक्फच्या मशिदींपुरतं. आणि सरकारी पगार घेतला की सरकारी खुतबा," चाचा म्हणाले. ते काही ग्रंथ वाचून बोलले नव्हते, पण तुर्कस्तानात तसंच आहे. १९२४ ला केमाल पाशांच्या राजवटीत धार्मिक खातं निघालं, तेव्हापासून तिथला इमाम म्हणजे सरकारी नोकर, आणि शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजीचं प्रवचन, वरून ठरून येण्याची रीत.

मौलाना म्हणाले, १८६६ ला देवबंदचा मदरसा निघाला तेव्हा त्याच्या संस्थापकांनी, मौलाना नानोतवींनी, हाच विचार करून नियम घातले होते. सरकारी मदत नको, जमीनदारांच्या कायमच्या नेमणुकीवर भरवसा नको, गरिबांच्या चंद्यावर चालवा. सत्तावनचं बंड नुकतंच चिरडलेलं, मुघल दरबार गेलेला, आणि आलिमांना पोसणारे संपलेले. तो नियम त्या काळी फार मोठा होता. त्यामुळे उलेमा इंग्रजांपुढं वाकले नाहीत. १९१९ ला जमियत-ए-उलेमा निघाली, ती काँग्रेसबरोबर राहिली. हुसैन अहमद मदनी तर जिनांच्या विरोधात उभे ठाकले, फाळणी नको म्हणून.

"काय सांगता?" नागेशनं विचारलं. "मला वाटायचं, पाकिस्तान मौलानांनी केलं."

"जिना काय मौलाना होते? सुटाबुटातले बॅरिस्टर होते," मौलाना म्हणाले, आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली. "तिकडं गेलेले मौलानाही होते. शब्बीर अहमद उस्मानी देवबंदचेच. झाकून काय ठेवायचं?"

मला त्या देवबंदच्या नियमाचा दुसरा पदर दिसत होता. सरकारपासून सुटका झाली, पण चंदा देणाऱ्यापासून नाही. मौलाना दिल्लीला घाबरत नाही, गल्लीला घाबरतो. गल्लीला जे ऐकायचं तेच मिंबरवरून, प्रवचनाच्या पायरीवरून येतं. बायकांना वारसाहक्कातला हिस्सा द्या, कुरआनात तो ठरवून दिलेला आहे, यावर मी माझ्या आयुष्यात किती खुतबे ऐकले? एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. नमाजीच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या निम्म्या लोकांनी बहिणींच्या सह्या घेऊन घरं नावावर केलेली असतात. मग लुंगी घोट्याच्या वर हवी की खाली, यावर बोलणं सोपं पडतं.

"मास्तर, हे तुम्ही कट्ट्यावर बोलताय. जुम्याला उभं राहून बोलता का?" मौलानांनी विचारलं.

मी चहा संपवला.

सिद्धूनं विषय मोकळा केला. त्याचं म्हणणं, तुम्ही मौलानांना फारच दुबळं धरताय. पोलिओच्या वेळी तो डोसच्या मोहिमेत होता. उत्तर प्रदेशातल्या काही भागांत अफवा उठली होती, या थेंबांनी पोरं वांझ होतात म्हणून. दारं लावून घ्यायचे लोक. डॉक्टर-नर्सच्यानं जे झालं नाही ते मशिदीतून पुकारल्यावर झालं. देवबंदपासून जामियापर्यंत सगळ्यांनी आवाहनं काढली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, बंगालमधला, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. "अफवा पसरली तेव्हा हे गप्प का होते, हा प्रश्न आहेच. पण बोलले तेव्हा काम झालं."

"उशिरा बोलतात, हाच तर आजार आहे," रिजवान म्हणाला. लाउडस्पीकरचं उदाहरण त्यानं दिलं आणि आम्ही सगळे हसलो. ज्या भोंग्यावरून आज एवढं राजकारण, तो नवीन आला तेव्हा त्यावर पढवलेली नमाज होतच नाही असे फतवे होते. इमामाचा आवाज की यंत्राचा, यावर काथ्याकूट. पुढे मुफ्तींनीच अभियंत्यांना विचारून मत बदललं. फोटोचं तेच. पासपोर्टशिवाय हज होत नाही म्हटल्यावर फोटोला वाट मिळाली. विम्याचं तर नागेशनंच सांगितलं: एका मौलानांनी हराम म्हणून हाकलून दिलं, आणि दुसऱ्यांनी दिल्लीच्या फिकह अकादमीचा निर्णय दाखवून पॉलिसी घेतली. १९८९ ला काझी मुजाहिदुल इस्लाम कासमींनी ही अकादमी काढली. दंगलीत घरंदारं जळताना पाहून तिनं हिंदुस्थानातल्या मुसलमानांना विम्याची मुभा दिली.

"तो निर्णय मी झेरॉक्स काढून बॅगेत ठेवतो," नागेश म्हणाला. पद्मशाली विमा एजंटाच्या बॅगेत फिकह अकादमी. सोलापूरच ते.

मग मी एक टोचणारी गोष्ट काढली, कारण मौलानांचा प्रश्न मला लागला होता. मदरशात जातं कोण? सच्चर समितीनं २००६ ला मोजलं तेव्हा शाळेच्या वयाची फक्त तीन टक्के मुस्लिम मुलं मदरशात होती. लोकांना वाटतं सगळी तिथंच. आणि ती तीन टक्के बहुतेक गरिबाघरची. आपले बेन्नूर सर, संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे, आयुष्यभर हेच मांडत राहिले की मुसलमान म्हणजे एक गोळा नव्हे. त्यात बागवान आहे, मोमीन आहे, तांबोळी आहे, वरचे-खालचे आहेत. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, वकिलाचा वकील, आणि ज्याची फी भरायची ऐपत नाही तो मौलाना. माझी दोन्ही पोरं इंजिनीअर. एकालाही मी आलिम कर म्हटलं नाही. मनातही आलं नाही. आणि मग मीच म्हणतो, मौलानांना जग कळत नाही.

बशीरचाचा म्हणाले, "माझा एक नातू टाकला होता मदरशात. घरी आणला."

"का चाचा?"

"खायला कमी पडायचं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. रिक्षा गेल्या दोन-तीन.

रिजवाननंच सुरुवात केली, पण आवाज उतरला होता. "शौकतभाई, एक विचारू? तीन ठिकाणी तुम्ही गेलात. भाची कुठं गेली होती?"

"ती कशी येणार? बाप्यांमध्ये?"

"प्रश्न तिचा आहे ना."

हे मात्र मौलानांनी उचलून धरलं. हैदराबादेत एका मदरशानं मुलींना मुफ्तीचं शिक्षण दिलंय, बायका बायकांना फतवे देतात, वीसेक वर्षं होऊन गेली. त्यात नवं काही नाही. लखनौच्या नदवा मदरशात शिकलेले अक्रम नदवी इंग्लंडात बसून हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची चरित्रं गोळा करत होते, त्रेचाळीस खंड झाले. मदीनेत, दमास्कसमध्ये बायका मशिदीत बसून पुरुषांना शिकवायच्या. पैगंबरांच्या पत्नी हजरत आएशांना तर मोठमोठे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, मसले विचारायला यायचे. "आणि आमच्या मशिदीत बायकांना वुजूची, नमाजीआधी हातपाय धुवायची जागा नाही," मौलाना म्हणाले. पुन्हा शौकतकडं न बघता. शौकतनं डोकं खाजवलं.

"मौलाना, सगळं माझ्यावरच आणता राव तुम्ही."

साडेअकरा झाले होते. हॉटेलवाल्यानं बाकडी उलटी टाकायला सुरुवात केली. रिजवाननं शौकतला कागद सांगितले: निकाहनामा, मुलाचा जन्मदाखला, नवऱ्याचा शेवटचा पत्ता, आणि तो मेला असता तर वारस कोण असते त्यांची नावं, कारण बेपत्ताच्या दाव्यात त्यांनाही नोटीस जाते. "पण मी खर्च न दिल्याच्या मुद्द्यावर जास्त जोर देईन. बेपत्ताच्या निकालाला सहा महिने थांबावं लागतं, तेवढ्यात आला आणि नांदवतो म्हणाला तर पुन्हा सगळं पाण्यात." मौलाना म्हणाले, दारुल कझाला अर्ज मी लिहून देतो, तिला बोलवा, मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

शौकतनं मोबाइलमध्ये निकाहनाम्याचा फोटो काढून आणलेला होता. उर्दू, गिचमिड अक्षर. मौलानांनी बोटांनी मोठा केला. नावं, वल्दियत, मेहर अकरा हजार, गवाह दोन. खाली एक रकाना होता, शर्तींचा. त्यावर तिरकी रेघ.

"हे काय असतं?" नागेश डोकावला.

"यात बायकोच्या बाजूनं अटी लिहिता येतात. नवऱ्यानं इतके महिने खर्च दिला नाही, पत्ता दिला नाही, तर तलाकचा हक्क तिला. तफवीज म्हणतात. हनफी फिकहमध्ये सरळ मान्य आहे, हजार वर्षांपासून. तेवढी एक ओळ असती तर आज ना कोर्ट, ना कझा."

"मग रेघ कुणी मारली?"

"निकाह लावणाऱ्यानं. मीही मारतो. जेवण थंड होत असतं, वर घोड्यावरून उतरलेला असतो, तिथं तलाकच्या अटी वाचल्या तर दोन्हीकडची माणसं अंगावर येतील."

शौकतच्या धाकट्या पोरीचा निकाह डिसेंबरात आहे. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. तोच बोलला.

"मौलाना, आमच्या शबानाच्या निकाहनाम्यात लिहाल तुम्ही?"

"लिहीन. पण व्याह्यांशी आधी तुम्ही बोला. मी काढला विषय, तर ते दुसरा इमाम घेऊन येतील. आणि तुमचे बाकीचे ट्रस्टीही."

शौकतनं मोबाइल खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, फोटो पाहिला. चाचा काठी शोधत होते. चहाचे पैसे द्यायला त्या दिवशी शौकतच उठला, आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, मौलानांचं महिन्याचं माझ्या खात्यावर लिहीत जा.

"नको," मौलाना म्हणाले. "माझे मी देतो. तुम्ही ते दुकानाचं बघा."